लेट दगडोबा

उदगीर,
९ जून २०१८

प्रिय यासेरभाई,

तुमचा सलाम आणि आमचं शरणार्थ, दोन्ही घे. बारावीला लातुरात एका खोलीत राहत होतो तेव्हापासून तुला एकानं भागत नाही. अम्मीचे गुडघे आता कसे आहेत? गौसियाभाभींना नमस्कार सांग. एवढ्या उन्हाळ्यात तुमचे रोजे नीट चालले असतील. (रोज्यात मनात राग धरू नये, असं तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. सहज आठवलं.)

इकडे सगळं ठीक आहे. चार दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र हातानं लिहून माणसाबरोबर पाठवतोय. मागायचं काहीच नाही, फक्त झालेला प्रकार तुला नीट कळावा एवढाच हेतू.

तू म्हणालास, कंपनीत वेबसाइट बनवणाऱ्याची एक जागा आहे, तुझ्या कॉम्प्युटर क्लासमधली चांगली पोरं पाठव. मी सहा पाठवली. त्यांचे बायोडाटा पाठवण्याआधी मी डोळ्यांखालून घातले होते, हे मी शपथेवर सांगतो. भागवतनं आपल्या प्रत्येक कौशल्यापुढं मार्क लिहिले होते: एचटीएमएल शहाण्णव पूर्णांक तेहतीस, जावास्क्रिप्ट ब्याण्णव. मी विचारलं, पेपर कुणी तपासला? तर म्हणे मीच. यात पोराचा दोष नाही. लातूरला क्लास लावलेल्या माणसाला मार्काशिवाय स्वतःची ओळख सांगताच येत नाही, तू आणि मी वेगळे नव्हतो. जावा आणि जावास्क्रिप्ट हे चुलतभाऊ असल्यासारखे त्यानं एकाच ओळीत बसवले होते, ते मी वेगळे केले. आणखी एकानं उंची, रक्तगट आणि रास दिली होती (वृश्चिक, ही रास पाहून कोण काम देणार?). तो बायोडाटा मुळात पोरगी बघायला जाताना केलेला. तिसऱ्यानं आपण बनवलेल्या वेबसाइटचा पत्ता दिला, त्याची सुरुवात ‘सी ड्राइव्ह’पासून. म्हणजे ती पाहायची तर माणसं निवडणाऱ्या तुमच्या मॅडमना पुण्याहून उदगीरला येऊन त्याच्या घरचा कॉम्प्युटर उघडावा लागला असता. हे सगळं मी दुरुस्त केलं. दोन दिवस बसून केलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

मग तुझा फोन आला. “का बे मन्मथ, तुझ्या क्लासला प्रवेश घ्यायला बाप मेलेला लागतो काय?” मला वाटलं, उपाशीपोटी तुला काहीतरी झालंय. कागद उघडून पाहिले तर सहाच्या सहा पोरांच्या वडिलांच्या नावाआधी ‘लेट’. आणि खाली, ‘भूकंपग्रस्त: होय, दाखला सोबत जोडला आहे’. भूकंप त्र्याण्णवचा, पोरं शहाण्णव-सत्त्याण्णवची. तुमच्या मॅडमना पहिल्या दोन कागदांना रडू आलं, तिसऱ्याला शंका आली, हे तू सांगितलंस. मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्यालाच आली असती.

आता खरं सांगतो. वर्गातल्या कॉम्प्युटरवर बायोडाटाचा जो नमुना आहे, तो माझा स्वतःचा आहे. नव्व्याण्णव साली सरकारी नोकरीसाठी केलेला. भूकंपग्रस्तांना राखीव जागा होत्या, म्हणून ती ओळ. आणि आमचे अण्णा त्या पहाटे गेले, म्हणून तो ‘लेट’. एकोणीस वर्षं पोरं तोच नमुना घेतात, नाव-पत्ता बदलतात, बाकी ठेवतात. मी भागवतला बोलावून विचारलं, ‘लेट’ का नाही काढलास? तो म्हणाला, “सर, ते इंग्रजीतलं श्री हाय ना? पप्पाला मान म्हणून ठेवलं.” सहाही जणांनी मान म्हणूनच ठेवलं. मी पोरांचे मार्क, राशी, ड्राइव्ह सगळं तपासलं, पण ती ओळ माझ्या डोळ्यांना दिसलीच नाही. मला ती सवयीची आहे.

पाच जणांचं सोड. ते नाहीतरी लागले नसते. वाईट झालं ते उज्वलाचं. मुखेडजवळच्या दगडोबांची ही पोरगी. तिचं काम कंपनीला आवडलं, म्हणून शंका बाजूला ठेवून मुलाखतीला बोलावलं, सगळी उत्तरं बरोबर दिली आणि शेवटी मॅडमनी प्रेमानं विचारलं, एवढ्या लांब एकटीच आलीस? ती म्हणाली, “न्हाई, पप्पा आलेत की. खाली चहा पिऊन राहिलेत.” मॅडमनी कागद पाहिला, तिच्याकडं पाहिलं, आणि सहानुभूतीसाठी बाप मारला म्हणून तिचं नाव खोडलं. पोरीला कारणही सांगितलं नाही. ते तू मला सांगितलंस, आणि मी तिला सांगितलं. तेव्हापासून ती क्लासला येत नाही. यासेर, मला फार लाज वाटते. चूक माझी आणि नोकरी तिची गेली.

दगडोबा मात्र आले. बाहेर चप्पल काढून आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “सर, लेट म्हंजे उशिरा ना? आमची गाडी तर टायमावर पोचल्ती.” मी अर्थ सांगितला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “म्या हाय म्हणून पोरीचं नुकसान झालं म्हणा की.”

असो. पत्र फार लांबलं. तब्येतीला जप, इफ्तारला तळलेलं कमी खा. ईदला मी येईन म्हणतो.

तुझा,
मन्मथ

ता. क. १: मागायचं काही नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. ती जागा अजून भरलेली नाही हे मला कळलंय. उज्वलाचा नवा बायोडाटा सोबत आहे. तिला एकदा परत बोलव. चूक क्लासची होती हे मॅडमना सांग, हवं तर माझं नाव घे.

ता. क. २: हे पत्र आणणारे गृहस्थ म्हणजेच दगडोबा. त्यांना मी नको म्हणत होतो. त्यांनी ग्रामपंचायतीतून हयातीचा दाखला काढलाय, शिक्क्यासहित, आणि तो पोरीच्या बायोडाटाला टाचणीनं लावलाय. काढू नकोस, त्यांना वाईट वाटेल. चहा पाज.

ता. क. ३: काल नमुना दुरुस्त करायला बसलो होतो. ‘लेट’ पुसला, तर नुसतं ‘गुंडप्पा’ राहिलं. पंचवीस वर्षांनी अण्णांचं नाव तसं पाहिलं, घरी असल्यासारखं. क्लासमध्ये कुणी नव्हतं. मी थोडा वेळ तसाच बघत बसलो. मग लाइट गेली, आणि आल्यावर पाहतो तर ‘लेट’ जागच्या जागी. पुन्हा पुसायचा धीर झाला नाही. उज्वलाचा कागद त्याच नमुन्यावर घाईत काढलाय आणि त्याचं पाकीट आता चिकटवून झालंय. दगडोबांच्या नावाआधी काही दिसलंच, तर त्यांच्यासमोर पेनानं खोड.