सात नंबरच्या गाडीचा फिल्टर

रवि. ६ एप्रिल
आज निकमसाहेबांनी धुवायचे फिल्टर आणले. सहा खोकी. वर्कशॉपच्या टेबलावर अशी मांडली, जणू लग्नातल्या भेटी. "परकार, आता कागदी फिल्टर हळूहळू बंद. हे कापडी. मळले की धुवायचे, वाळवायचे, लाल तेल लावायचं, परत बसवायचे. गाडी म्हातारी होईल, फिल्टर नाही."
साहेब नाशिकचे. इंजिनिअर. इथले मुदीर, अरबीत मॅनेजर. ट्रकखाली कधी झोपलेला माणूस नाही. मी वीस वर्षं अल सुलैच्या या यार्डात इंजिनं उघडतोय. मला विचारलं? नाही.
मी म्हटलं, एक धुवायला काढला की त्या जागी लावायला दुसरा पाहिजे. "दुसरा सेट येतोय." येतोय म्हणे. बघू.

मंगळ. ८ एप्रिल
सहा गाड्यांना कापडी, सहा कागदीवर. उन्हाळाभर बघायचं आणि पुढे कुठले मागवायचे ते मी लिहून द्यायचं. निदान हे तरी मला विचारणार.
गा. ७ ला कापडी बसवला. मुद्दाम. ती हाइलला गहू भरायला जाते, शेवटचा रस्ता शेतातून, नुसती माती. नापास व्हायचा तर लवकर होऊ दे. गाडीवर याकूब आहे, माझा मामेभाऊ. मीच दापोलीहून आणला त्याला. तो आपला बघत उभा.
कागदीचं कसं सरळ आहे. काढा, आपटा, कंप्रेसरने हवा मारा, बसवा. पंधरा मिनिटांत गाडी गेटबाहेर. नि.सा. म्हणतात, हवा मारू नका, कागद फाटतो, सरळ फेका. वीस वर्षांत माझा एक फाटला नाही.
खोक्यातलं माहितीपत्रक इंग्रजी आणि अरबी. ड्रॉवरमध्ये टाकलं. फिल्टर धुवायला शाळेत जावं लागत नाही.

रवि. २० एप्रिल
परवापासून घुबार. आकाश मातीचं, दात मातीचे, चहा मातीचा. याकूब हाइलहून आला तेव्हा फिल्टर बेसनात घोळल्यासारखा. धुतला. आता वाळायला टांगायचा आणि गाडीला दुसरा लावायचा. दुसरा कुठाय? "बंदरात अडकलाय." सहाचे सहा बंदरात.
साडेबाराला नि.सा.चा फोन. सात नंबर असरच्या नमाजाच्या आत निघालीच पाहिजे. मी म्हटलं फिल्टर ओला आहे. "मग काहीतरी करा ना, परकार." काहीतरी करा. हे यांचं इंजिनिअरिंग.
केलं. या.ला फिल्टर धरायला लावला, नळी जवळ नेऊन फुल हवा मारली, दहा मिनिटांत खडखडीत. वर लाल तेल. गाडी असरआधी बाहेर. नि.सा.नी मोबाइलवर अंगठा पाठवला. तो अंगठा बघून डोकं आणखी फिरलं.

सोम. ५ मे
गा. ७ हाइलच्या अलीकडे बसली. दुसऱ्या गाडीला बांधून आणली. ओढ नाही, निळा धूर, ऑइल पितेय. फिल्टरच्या पुढचा पाइप काढला, आत बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी धूळ. जिथे धुळीचा कण नको तिथे. टर्बोची पाती झिजलेली. इंजिन खलास.
मला आनंद झाला. लिहायला लाज वाटत नाही. सांगत होतो. एक महिना नाही टिकला यांचा कापडी.

मंगळ. ६ मे
नि.सा. आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. फिल्टर भरल्याची लाल खूण आली असणार, याने बघितली नाही."
या. म्हणाला, "साब, लाल आया ही नहीं." त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मला बाजूला घेतलं. "फिल्टरमध्ये दोष नसतो हो. मी पूर्ण अभ्यास करून आणलेत. रिपोर्टवर कारण तुम्ही लिहा, सही तुमची. रविवारी कफील बघणार."
म्हणजे फिल्टर त्यांचा, फुशारकी त्यांची, आणि एक्झिट, म्हणजे कायमचं घरी, याकूबला. पन्नाशीच्या ड्रायव्हरला दुसरीकडे कोण घेतो? मामीने विमानतळावर याचा हात माझ्या हातात दिला होता.
मी लिहिणार: कापडी फिल्टर निकामी. कफील, आमचा अरब मालक, माझं ऐकतो. वीस वर्षांत एकदाही खोटा निघालो नाही त्याच्यापुढे. नि.सा.ना कळू दे आता.

बुध. ७ मे
पुरावा पाहिजे म्हणून ते माहितीपत्रक घरी आणलं. बनवणाऱ्यानेच कुठेतरी लिहिलं असेल की एवढ्या धुळीत चालत नाही. सनाला म्हटलं वाच. "पप्पा, आय हॅव अ फिजिक्स टेस्ट." बारावीचं वर्ष, कळतं मला, पण दोन मिनिटं बापासाठी नाहीत? बसवली.
धुळीचं काही नव्हतंच. भरभर वाचत गेली. थंड पाणी. सावलीत वाळवा. मग: "नेव्हर यूज कम्प्रेस्ड एअर. इट विल टेअर होल्स इन द कॉटन."
मी म्हटलं, परत वाच.
"पप्पा, वही लिखा है. कितनी बार पढूँ?"
तिच्यावर ओरडलो. कशासाठी ते तिला कळलं नाही. बायकोने, शमीमने, मला बाहेर जायला सांगितलं. गेलो.

गुरु. ८ मे
सकाळी स्टोअरमध्ये दार लावून गा. ७ चा फिल्टर काढला. आत बल्ब घातला. भोकं. टाचणीच्या टोकाएवढी, घडीच्या तळाशी, एका रांगेत. माझी नळी जशी फिरली होती तशी.
म्हणून लाल खूण आली नाही. फिल्टर भरलाच नाही. धूळ सरळ आत जात होती.
मागे याकूब उभा. त्याला बघून नवल वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, तुला माहीत होतं?
"मी धरलेला ना, भाई. तू हवा मारलीस तेव्हा कापसाचा पुंजका हातावर उडाला माझ्या."
"मग बोलला का नाहीस?"
"तुला कोण सांगणार? तू आयकतंस काय?"
वर हसला. मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. आणि दोन दिवस नि.सा. याला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणत होते तेव्हा हा गप्प होता. माझ्यासाठी. मी सांगितलं होतं गप्प बसायला?

शुक्र. ९ मे
जुम्मानंतर याकूब जेवायला. शमीमने कोलंबीचं सुकं केलं, ते त्याला आवडतं. ताटावर मान घालून म्हणाला, "भाई, माझा नाव लिव रिपोर्टात. सनाचा बारावीचा वर्ष हाय. तू गेलास तर तिला पन जावा लागल. माझी पोरा गावाला हायत, त्यांचा काय अडतंय."
मी एवढा ओरडलो की शेजारच्या मल्याळी बाईंनी दार उघडलं. तू मोठा झालास काय माझ्यापेक्षा? तुझं दान नको मला. तो जेवत राहिला. शमीम म्हणाली, "चूक तुमची, आणि ओरडा त्याला?" बरोबर बोलली. म्हणून जास्त झोंबलं.
तिसरा रस्ता अजून आहे. 'कापडी फिल्टर निकामी' लिहायचं, फिल्टर कचऱ्यात टाकायचा. याकूब राहतो, मी राहतो, नि.सा.ना बोलणी बसतात. कफील एक शब्द विचारणार नाही. कोणाला कळणार? आणि नि.सा.नी दुसरा सेट वेळेवर आणला असता तर हे झालंच नसतं, हेही खरंच आहे. त्यांनी घाई केली हेही खरं.
पण हवा मारू नका, हे त्यांनीच सांगितलं होतं. टाय लावून, एसीत बसून सांगितलं, तरी बरोबर सांगितलं. त्या माणसाचं बरोबर निघावं याचा एवढा राग येतोय की धड जेवलो नाही.

शनि. १० मे
सुट्टी, तरी यार्डात गेलो. फळीवर मी हवा मारून ठेवलेले कागदी फिल्टर होते, परत लावायला तयार. एकेकात बल्ब घातला. सहांपैकी दोन फाटलेले. परत सगळे तपासले. दोनच. दोनच म्हणतोय मी.
कापडी वाईट की कागदी वाईट, हा प्रश्नच नव्हता. कागदी हवा न मारता वेळेवर बदलला तर चालतो. कापडी सावलीत वाळू दिला तर चालतो. माझ्या हातात दोन्ही चालत नाहीत. वीस वर्षांत मी किती इंजिनांत माती घातली, आणि किती ड्रायव्हरांना शिव्या घातल्या, गाडी नीट चालवत नाहीत म्हणून. त्यांतले दोघे घरी गेले. एकाचं नाव आठवतं. दुसऱ्याचं आठवत नाही.
नि.सा.चा मेसेज: "उद्या दहाला कफील. कारण एका ओळीत लिहा. आणि पुढे कापडी मागवायचे की कागदी, तेही."
लिहिलं. दोन्ही चालतील, पण कंप्रेसरची नळी फिल्टरला लावायची नाही. कापडी घेतले तर गाडीमागे दोन. आणि कारण: फिल्टर वर्कशॉपमध्ये हवा मारताना फाटला.
कोणी फाडला, ते लिहिलं नाही. तीनदा पेन टेकवलं. कफील विचारणारच. याकूब तिथे उभा असेल, त्याला बोलावलंय. आणि मी त्याला ओळखतो. विचारायच्या आत तो म्हणेल, मी मारली.
त्याच्या आधी मला बोललं पाहिजे. रागात असलो की मी कोणालाही बोलू देत नाही. आता मात्र राग पार उतरलाय, नुसती भीती वाटतेय.