भावोजींच्या नवसाची वीतभर हेरा

एगिना बेटावरील राजमान्य भावोजी थ्रासोन यांस,

करिंथहून तुमचा मेहुणा मिकॉन ओतारी याचा कोपरापासून नमस्कार. तुम्ही, मेलित्ताताई आणि गलबत सुखरूप असालच. गुडघा कसा आहे? (ताई म्हणते, त्या वादळातून वाचलात तेव्हापासून तो पाऊस आधी सांगतो.) पत्रासाठी मिळालेला शिशाचा पत्रा लहान आहे म्हणून अक्षर बारीक कोरतोय, रागवायचं तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

त्या वादळात तुम्ही हेरादेवीला काशाची वीतभर मूर्ती बोललात, आणि पुन्हा जहाज सोडण्याआधी नवस फेडायचा म्हणून काम माझ्या गळ्यात घातलंत. पहिली देवी नाकाशिवाय निघाली. दुसरीचा साचा रस ओतताच फुटला आणि देवी माझ्या चपलेवर सांडली (चप्पल गेली, पाय आहे). तिसरा साचा फोडला आणि भावोजी, मी उभा होतो तो खाली बसलो. साच्याआधीच्या मेणाच्या नमुन्यात मी तिचे ओठ नीट मिटले होते. आगीतून ती किंचित हसत आली. ते हसू माझ्या हातचं नाही. चाळीस वर्षं काशाचे देव विकतोय, पण देवाची भीती वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा. बायकोसुद्धा अर्धा दिवस माझ्याशी आदराने बोलली.

तुमचा निरोप येईपर्यंत धीर निघेना, म्हणून भूशिरावरच्या हेरेच्या देवळात मूर्ती नुसती दाखवायला नेली. घाम पुसायला म्हणून क्षणभर देवीपुढच्या कट्ट्यावर टेकवली. तिथे ठेवलेलं परत उचलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हातारी पुजारीण टपलेलीच होती.

"ठेवलीस ना? मग झाली तिची. नाव कुणाचं सांगू?"

गडबडीत जीभ घसरली आणि माझंच नाव निघालं. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा मिकॉन

ता. क. जीभ घसरली नव्हती. 'मिकॉनने हेरेला दिली' असं मी घरीच तिच्या पायाखाली कोरलं होतं. ते हसू बघून दुसऱ्या कुणाचं नाव कोरवेना. लाज वाटते, पण पुन्हा तेच करीन.

आणखी ता. क. म्हणजे तुमचा नवस अजून फिटलेला नाही. चौथीचं मेण कालच मळायला घेतलंय. ती होईपर्यंत, मला बदडायला यायचं असलं तरी, ताईची शपथ आहे, होडीत पाय ठेवू नका.