बाकी फरक: एक

सोमवार, ४ मार्च
एकदाची नोकरी लागली! प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, खोली माझी एकट्याची. खिडक्या दोन, त्यातली एक उघडते. प्रमुखबाईंनी काम चहा संपायच्या आत सांगितलं. सहा वर्षांपूर्वी याच खोलीतल्या संशोधकाने एक प्रोग्राम चालवून ०.८१४६ हा आकडा मिळवला. तो छापून आला, वाहवा झाली, पण पुन्हा कुणालाच मिळाला नाही. महिनाअखेर मी तो मिळवला तर नोकरी पक्की, नाहीतर हातात नारळ.

मदतीला त्यानेच लिहिलेलं ‘जसंच्या तसं’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. मूळ प्रयोगाच्या वेळचं सगळं त्यात साठवलेलं आहे. आजचा प्रयोग ते त्याच्याशी ताडून बघतं आणि फरकांची यादी देतं. यादी रिकामी झाली की आकडा हजर! आज एकतीस फरक निघाले.

दोनला ताईचा फोन. “घुम्या, जेवलास का?” आई-बाबा गेल्यापासून हा प्रश्न रोज ठरलेला. मला आपणहून फोन करणारं माणूस जगात हे एवढंच. मी चिडल्यासारखं करतो, पण दोन वाजायची वाट बघतो.

गुरुवार, ७ मार्च
जुन्या आवृत्त्या हुडकता हुडकता डोळे दुखले, पण फरक बारावर आले. यादीत आता खुर्चीची उंची आणि खोलीचं तापमानही निघालंय. भलताच संशयी माणूस, खोलीत माइकसुद्धा लावून गेलाय. हसत हसत खुर्ची दोन बोटं खाली घेतली. मूळ प्रयोग दुपारी दोनला झाला होता, म्हणून मीही आता दोनलाच चालवतो.

सोमवार, ११ मार्च
बाकी फरक: तीन. आकडा ०.८१३९. इतक्या जवळ कुणीच आलं नव्हतं, असं बाई म्हणाल्या. पहिली ओळ: मूळ – दोन वाजता शांतता, आज – दोन वाजता बोलणं.

म्हणजे ताई. तिला सांगितलं, दुपारी फोन करू नकोस, माझं घोडं तुझ्यामुळे अडतंय. थट्टाच केली होती. ती नुसतं बरं म्हणाली. मला वाईट वाटलं, पण आकड्याचा मोह सुटेना.

बुधवार, १३ मार्च
फरक दोन. ताईचा फोन दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. डबा उघडून तसाच बसलो.

पुढची ओळ: मूळ – दारात कुणी ओळखत नाही. पहारेकरी मला रोज हात करतो, त्याला आधीच्या माणसाबद्दल विचारलं. तो म्हणाला, शेवटच्या प्रयोगानंतर ते दिसलेच नाहीत. खुर्ची रिकामी आहे हे दहा दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. चौकशीला कुणी आलं नाही. चौकशी करणारं त्यांना कुणी नव्हतंच.

गुरुवार, १४ मार्च
पहारेकऱ्याने अडवलं. कोण, कुणाकडे जायचंय, असं विचारलं. काल दहा मिनिटं बोललो त्याच्याशी. ओळखपत्र दाखवलं, ते तो उलटसुलट बघत राहिला.

फरक एक. मी काही बदललं नव्हतं.

ताईला फोन केला. तिने अगदी अदबीने विचारलं, “आपण कोण बोलताय?” मी म्हणालो, मी घुम्या. ती म्हणाली, चुकीचा नंबर लागला असेल, मला भाऊ नाही. आणि मग, आवाज तिचाच, तसाच मायेचा – तुम्हाला तुमची बहीण सापडो, म्हणाली.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलो. मीच म्हटलं तिला, फोन करू नकोस. मीच.

शुक्रवार, १५ मार्च
गेलो नाही. घरीच. तरी दोन वाजता फोनवर ‘जसंच्या तसं’चा निरोप आला – प्रयोग पूर्ण. ०.८१४५. यादीत एकच ओळ.

मूळ – रोजनिशी नाही. आज – रोजनिशी.

ही वही कागदाची आहे. माझ्या उशाखाली असते. कुणाला सांगितलेलं नाही –

शनिवार, १६ मार्च
दोनला पाच कमी. लिहितोय तोवर फरक आहे. फरक आहे तोवर मी आहे. थांबायचं नाही. काहीही लिहायचं –

ओळखपत्रावरचा फोटो कोरा. मागची पानं पुसट होतायत, पहिल्या सोमवारचं पान आधी – तिचं वाक्य गेलं तिथून – परत लिहितो, ते एक तरी –

ताई दोनला फोन करायची. म्हणायची, घुम्या, जेव