बेपत्ता की मारला गेला

प्रिय फर्मीन,

तुझी चिठ्ठी बटाट्याच्या ट्रकवाल्याने शनिवारी रेडिओच्या खोलीत आणून दिली. अक्षर ओळखलं आणि मी आधी दार लावून घेतलं. चिलीत द्राक्षं तोडतोस, खोकला बरा आहे, आणि विचारतोस, "नेलिदा, आता घरी येऊ का?" बाबा रे, तुला इथलं काहीच ठाऊक नाही. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

पुलावरच्या आपल्या धरण्यावर पोलिसांनी गोळीबार केला त्या दुपारी तू नदीकडे पळालास, एवढंच लोकांनी पाहिलं. नंतर काठावर तुझी टोपी मिळाली. तोवर कोल्पा गावचे लोक धरणं सोडून घोंगड्या गुंडाळायला लागले होते. आठवतात ना, कुरणावरून आपल्याला मेंढीचोर म्हणायचे ते? "आमचं कोणी गेलं नाही, आम्ही कशाला थांबायचं? खाण आली तर तळं तुमचं आटेल," म्हणत होते. ते गेले असते तर बाकीची तीन गावंही गेली असती. रेडिओवर वाचायच्या माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, 'फर्मीन किस्पे, बेपत्ता.' मी माइकवर वाचलं, "फर्मीन किस्पे मारला गेला. आपल्या सगळ्यांच्या तळ्यासाठी."

का वाचलं तसं? वर्षभर स्वतःला विचारतेय. कधी वाटतं, मला खरंच तू गेलास असं वाटलं होतं. कधी वाटतं, नव्हतं.

कोल्पावाल्यांनी घोंगड्या पुन्हा सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पोरींनी कापडावर रंगवलं, 'आम्ही फर्मीन'. खाणीची यंत्रं अजून पुलाच्या पलीकडेच उभी आहेत. आता बाजारात कुणी विचारलं, "कुठले तुम्ही?" तर पाचही गावांचे लोक म्हणतात, "तळ्याचे." मेंढीचोर कुणी कुणाला म्हणत नाही. आणि हे सगळं उभं आहे माझ्या एका शब्दावर.

रविवारी तुझ्या आईला सांगितलं. तिने आधी माझ्या थोबाडीत दिली. "वर्षभर मी कुणासाठी रडले गं, भवाने?" मग बराच वेळ मका सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "पोलिसांच्या यादीत नाव आहे त्याचं. मेलेल्याला कुणी शोधत नाही. राहू दे मेलेला. जेवतो ना नीट?" परवाच्या मोर्चात ती नेहमीसारखी तुझा फोटो घेऊन पुढे चालली, नेहमीसारखीच रडली. मी शेजारी होते. ते रडणं खरं की खोटं, मला कळलं नाही. तिलाही कळलं असेल का?

तू जिवंत आहेस या आनंदाने मी एकदाही मोकळेपणी हसले नाही, याचीही लाज वाटते. आपलं लग्न ठरलं होतं, फर्मीन. लोक मला तुझी विधवा म्हणून जागा देतात, आणि मी बसते.

पुढच्या मंगळवारी त्या दिवसाला वर्ष होतंय. पाचही गावं पुलावर जमतील आणि तुझं नाव मलाच वाचायचंय. खरं सांगितलं तर 'तळ्याचे' म्हणणारे किती उरतील, आणि तुला शोधायला कोण निघेल, ठाऊक नाही. नाही सांगितलं तर तुला कधीच येता येणार नाही. गेल्या वेळी तुझ्याबद्दलचं मी एकटीने ठरवलं. या वेळी तू ठरव. हे पत्र आणणारा ट्रकवाला सोमवारी इकडे परत येतो. तुझ्या नावापुढे काय वाचू, तो एकच शब्द त्याच्याकडे लिहून दे. तो जो असेल, तो मी वाचेन.

तुझीच,
नेलिदा