घाटाच्या तोंडाशी थांबायचं की नाही

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी मी पहिल्यांदा एकटा ट्रेलर घेऊन निघणार आहे. टॉवेलांनी भरलेला कंटेनर, सोलापूर ते बंदर. डब्यात काय देऊ असं आई विचारते आहे, आणि मला घाटाची भीती वाटते आहे. हे घरात कुणाला सांगू? म्हणून तुम्ही या जगात नसलात तरी तुम्हालाच लिहितो आहे.

आता क्लीनर नसतो, अण्णा! शेजारची सीट रिकामी. काचेवर कॅमेरा आहे, तो रस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघतो. डोळा मिटला की ओरडतो.

आजोबा मालधक्क्यावरून सुताच्या गाठी बैलगाडीतून पेठेत आणायचे. त्यांना डुलकी लागली तरी बैल बरोबर दारात येऊन उभे राहायचे, असं तुम्हीच हसत सांगायचात. पुढे रेल्वेचा माल तुमच्या दहाचाकी ट्रकवर आला. तुमच्याशी बोलायला निदान माणूस तरी होता.

तुमचा एक नियम मी कधी मोडला नाही. घाट उतरण्याआधी गाडी कडेला घ्यायची, खाली उतरायचं, प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन ब्रेकची धग बघायची. कुणी मागून हॉर्न मारला की तुम्ही म्हणायचात, "तू जा की फुडं! मी मागनं जित्ता येतो."

गेल्या खेपेला सलीमचाचा माझ्याशेजारी होते. तुमचे हे जुने सोबती आता आमच्या कंपनीत नव्या ड्रायव्हरांना शिकवतात. घाटाचं तोंड आलं आणि मी सवयीने गाडी कडेला घेतली. दार उघडून उतरलो तोच पाठीमागून एक बस गेली, इतकी जवळून की तिच्या वाऱ्याने माझा शर्ट ओढला गेला.

"मरायचंय का रे? वर चढ आधी!" चाचा ओरडले.

तेवढ्यात ऑफिसचा फोन. "गाडी का थांबली?"

"ड्रायव्हरला देव दिसला म्हणून!" चाचांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "बापानं शिकवलं ना तुला? त्याचा रस्ता येगळा होता, बेटा. हितं गाड्या अशा पळतात की उभ्या गाडीत मागचा थेट घुसतो. चाकं बघायची ती आधीच्या ट्रक थांब्यावर."

अण्णा, हे तुम्ही का नाही सांगितलंत? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं म्हणा! पण राग येतो. ज्या सवयीने तुम्हाला जन्मभर सुखरूप घरी आणलं, तिनेच मला त्या दिवशी संपवलं असतं. तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुणावर ठेवायचा?

चूक कळली, तरी भीती जात नाही. डोकं ऐकेल हो, पण उद्या घाट दिसताच हात आपोआप स्टिअरिंग डावीकडे वळवू लागला तर? आणि शेजारी ओरडायला कुणीच नसणार.

म्हणून आज शब्द देतो. ट्रक थांब्यावर मी थांबेन, ऑफिसचे कितीही फोन आले तरी एकेका चाकाची धग बघेन. तिथून लहान गियरमध्ये निघालो की उतार संपेपर्यंत थांबणार नाही. घाटाच्या तोंडाशी तुम्ही स्वतः हात करून उभे असलात, तरी थांबणार नाही, अण्णा. रागावू नका.

तुमचा,
सिद्धाराम