दहा दिवसांचं चीवर

१ मे, बेंबळी
उद्यापासून विहारात पुरुषांचं श्रामणेर शिबिर, तात्पुरत्या दीक्षेचं. दहा दिवस. सकाळपासून झाडलोट मीच केली. मोठ्या भन्तेंना पुन्हा विचारलं, उपसंपदेसाठी, पूर्ण भिक्खुणी होण्यासाठी, बुद्धगयेला माझ्या नावाचं पत्र कधी देता? "शिबिर होऊ द्या, मग देतो." सात वर्षं श्रामणेरी आहे मी. तिथल्या थोरल्या भिक्खुणी, आर्याजी, वाट बघतायत. हे तिसरं 'मग'.

२ मे
मुंडण झालेल्यांत शेवटचा माणूस. मान वर केली. दिनकर.
माझा नवरा. चौदा वर्षांपूर्वी त्याचं घर सोडलं. माझा डावा कान त्यानंच मारून बहिरा केला. आणि अंगावर भिक्खूचं चीवर!
ताटं मांडत राहिले.

३ मे
भोजनाआधी सगळ्यांनी श्रामणेरांना वंदन करायचं, असं मोठ्या भन्तेंनी सांगितलं. मला, "आर्याजी, तुम्हीही." बाया वाकल्या. मी दिनकरपुढं उभी राहिले.
"चीवराला वंदन करायचं, माणसाला नाही."
"माझ्याही अंगावर चीवरच आहे भन्ते. सात वर्षांचं. आणि नियम भिक्खूला वंदनाचा आहे, दहा दिवसांच्या श्रामणेराला नाही."
दिनकर खाली बघून गालात हसत होता. बघितलं मी.

४ मे
विहार समितीचे अध्यक्ष आले. सर्वांसमोर माफी मागा, नाहीतर पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या आत खोली खाली करा.
गल्लीतल्या सागरअक्का भाकरी घेऊन आल्या होत्या, तिथंच तडकल्या. "दहा दिसांनी त्यो परत तंबाखू मळत पारावर बसंल. त्याच्या पाया पडायचं व्हय ह्यांनी?"
अध्यक्ष चपला घालून निघून गेले.

६ मे
ध्यान होत नाही. 'सर्व प्राणी सुखी होवोत'. 'सर्व'पाशी दात आवळले जातात. सात वर्षांत काय शिकले मी? की न वाकणंच…

८ मे
नळावर गाठलं त्यानं. "कुसे, वाक की एकदा. मिटंल समदं."
'कुसे' म्हणाला, जुन्या नावानं. चीवर घालून. माझ्या कानाबद्दल एक अक्षर नाही. तशीच बादली टाकून आले.

११ मे
शिबिर संपलं. दिनकरनं चीवर उतरवलं, शर्ट घातला, मोटरसायकलवर बसून गेला. चीवर ओट्यावर चुरगळून पडलेलं. मीच धुतलं. का धुतलं, कुणास ठाऊक.
मोठ्या भन्तेंकडं पत्र मागायला गेले.
"तुमचा अहंकार गेलेला नाही. कशी उपसंपदा द्यायची?"
"त्याचा गेला का, दहा दिवसांत?"
त्यांनी दार लोटून घेतलं. पत्र दिलं नाहीच.

१२ मे
सागरअक्का आणि गल्लीतल्या बाया खोलीत जमल्या. "पत्र आमी देतो." अक्कांच्या सुनेनं वहीच्या कागदावर लिहिलं, की या आर्याजी सात वर्षं आमच्यात राहतात, यांचं शील आम्हाला ठाऊक आहे. सह्या, अंगठे.
थोरल्या आर्याजींना फोन लावला. म्हणाल्या, "असं पत्र चालेल का, खरंच सांगता येत नाही. भिक्खुणी संघ ठरवेल. पण तू ये."

१३ मे, धाराशिव स्टेशन
अक्का सोडायला आल्यात. खोलीला कुलूप लावलं नाही, किल्ली अध्यक्षांनी आधीच नेली.
राग आहे तसाच आहे. संघानं विचारलं तर तसंच सांगणार.
गाडी लेट आहे.