एकशे ब्याऐंशी वर्षांची माती

पुणे, १४ जुलै २०२५

प्रिय भाग्यश्री,

अनेक आशीर्वाद. वेणूमावशीला नमस्कार, आणि तिच्या गुडघ्याची आम्ही सगळ्यांनी चौकशी केल्याचं सांग. इकडे सारं क्षेम. यंदा नववीत संस्कृतला सात विद्यार्थी आहेत. पैकी पाच जण गुण पडतात म्हणून आणि दोघे फ्रेंचचा वर्ग भरला म्हणून. विषयावर प्रेम असणारा मी एकटाच, पण मला त्याचा पगार मिळतो.

तू म्हणशील, खडकी ती केवढ्या अंतरावर, आणि दादाने पाकिटाला तिकीट लावलं! फोनवर तू मध्येच 'असू दे रे' म्हणतेस आणि मी आनंदाने असू देतो. म्हणून कागद.

गेल्या आठवड्यात भूगोलाच्या बाई रजेवर होत्या, त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मी तुझंच व्याख्यान ठोकून दिलं. हिमयुग सरत आलं तेव्हा उत्तर युरोपावरचा मैलभर जाडीचा बर्फ वितळू लागला. त्या पाण्याने दगडगोटे बर्फाच्या तोंडाशीच टाकले, वाळू सखल मैदानात दूरवर पसरली, आणि सगळ्यात बारीक गाळ तळ्यांपर्यंत जाऊन पोचला. उन्हाळ्यात पाण्याला जोर, म्हणून फिक्या, भरड गाळाचा थर. हिवाळ्यात तळं वरून गोठलं, पाणी निश्चल झालं, की तरंगत राहिलेली चिकणमाती हळूहळू तळाशी बसे. तो काळसर थर. एक फिका, एक काळा, मिळून एक वर्ष. "झाडाच्या खोडासारखं," अपेक्षा नावाची एक मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "सर, ते पट्टे खरे बघायला मिळतील कुठे?"

मी घड्याळाकडे पाहिलं. अजून पंधरा मिनिटं होती. मी फळा पुसत बसलो.

तुझा तो तसल्याच पट्ट्यांच्या मातीचा हातभर लांबीचा ठोकळा. उत्तर जर्मनीतल्या विटांच्या खाणीतून तू स्वतः कापून आणलेला. त्याच्या वजनापायी दोन स्वेटर तिकडेच टाकून आलीस. एकशे ब्याऐंशी वर्षं तुझी मोजून झाली होती, खालची मोजायची राहिली होती. ती खाण आता पाण्याने भरली आहे, हेही तूच सांगितलंस.

दोन वर्षांपूर्वी आईला आमच्यावर सोपवून तू पुन्हा सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेलीस, तेव्हा मावशी आमच्याकडे राहायला आली. तिला सांभाळणाऱ्या कांताबाई रोज खडकीहून बसने येऊ लागल्या. आणि ठोकळा ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या मोरीशेजारच्या फळीवर ठेवलास. "आठवड्याला फडकं भिजव, दादा." भिजवत होतो. एवढं खरं आहे.

तू परत आल्यावर मी म्हणालो, कांताबाईंनी कचरा समजून टाकला असावा. 'असावा' मुद्दाम म्हणालो. संस्कृत शिकलेला माणूस खोटंही विध्यर्थात बोलतो.

भाग्यश्री, कांताबाईंनी त्याला हात लावला नाही. त्याचा गणपती झाला. मी केला.

तुला माहीत आहे, मी दरवर्षी शाडूची मूर्ती हाताने घडवतो आणि तिचं कौतुक करवून घेतो. त्या वर्षीची शाडू रेताड निघाली; चतुर्थीच्या आदल्या दुपारी सोंडेला तडे. लोकांना महिनाभर आधीपासून सांगून ठेवलेलं, 'या, यंदाची मूर्ती बघायला.' आणि फळीवर तुझी माती, ओली, लोण्यासारखी. चुकून शाडू समजून घेतली, असं लिहिणार होतो. तसा एक मसुदा झालाही, छान जमला होता. पण फडक्यावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती आणि मी ती वाचली होती. वाचून स्वतःला समजावलं की पार्थिव पूजेला पृथ्वीवरची कुठलीही माती चालते, आणि जर्मनी काही पृथ्वीबाहेर नाही. तारेने कापताना पट्टे दिसले, अगदी स्वच्छ. मळताना चार-पाच दाबांत गेले.

माझ्या हातून झालेली ती सर्वांत देखणी मूर्ती. शेजारचा सलिल म्हणाला, "मास्तर, ही सोंड वळवलीय की ओतलीय?" मी नम्रपणे मान लववली.

दीड दिवसाने बादलीत विसर्जन. भरड गाळ लगेच तळाला बसला, चिकणमाती तरंगत राहिली. मी बादली बाल्कनीत झाकून ठेवली, कोणाला हलवू दिली नाही. तीन आठवड्यांनी पाणी निवळलं. खाली एक फिका थर, त्यावर एक काळा. बस्स. सगळी वर्षं मिळून एक वर्ष. तुझं व्याख्यान मला तेव्हा कळलं.

तू मलाच धीर दिलास आणि कांताबाईंना काढलंस. आईची औषधं त्यांच्या भरवशावर कशी ठेवायची, हा तुझा प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडे होतं. मी समोर बसून चहा पीत होतो.

त्या हडपसरला लेकीकडे गेल्या. मागच्या मंगळवारी तिकडच्या एका रुग्णालयात मी डोळे दाखवायला गेलो, तर रांगेत भेटल्या. डोकं तपासायला आल्या होत्या.

"दादा, ती माती मी टाकली का हो?" म्हणाल्या. "लई आठवून बघते, पण टाकल्याचं आठवतच न्हाई. लेक आता गॅसपाशी जाऊ देत न्हाई. मलाबी वाटतं, अजून काय काय विसरले आसंन?"

मी काय म्हणालो असेन? "वयाने होतं असं." आणि डोळ्यांत थेंब घालून घरी आलो.

शनिवारी त्यांच्या घरी गेलो. मूर्ती, चिठ्ठी, सगळं सांगितलं. त्यांनी आत लेकीला हाक मारली, "ये गं, ऐक. दादा, पुन्यांदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. लेकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आई, चहा तू टाक." कांताबाईंनी चहा केला. मला दिला नाही, योग्यच केलं.

तुला पत्र लिहितो म्हणालो. "लिहा की," त्या म्हणाल्या. "पर कागदाचं काय, त्योबी कुणीतरी कचऱ्यात टाकला म्हनाल. ताईंच्या पुढ्यात बोला. मी संगं हाय."

तेव्हा येत्या रविवारी, वीस तारखेला, सकाळी दहाला आम्ही दोघं खडकीला येतो. मावशीलाही बाहेर बसव. पत्र फक्त यासाठी, की मला दारात पाहून तू हसून 'ये दादा' म्हणू नयेस. आधी कांताबाईंना आत घे. मला उंबऱ्याबाहेर उभं करायचं असेल तर कर. जे बोलायचं आहे ते तिथून शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल, आणि जाऊ दे.

'तुझा' लिहून खोडलं आहे. पुन्हा लिहायचं की नाही, ते तू ठरव.

दत्तप्रसाद